रंग थांबतो कुठे?

ऐंशी त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि त्यात लाल रंग भरायचा. टर्बो सीवर ग्राफिक्स शिकताना हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. प्रोग्रॅम चालवला की कित्येकांचा अख्खा स्क्रीन लालभडक होतो आणि वर्तुळच गायब! रंग भरणाऱ्या 'फ्लडफिल'ला दिलेला तिसरा आकडा भरायच्या रंगाचा नसतो, कडेच्या रंगाचा असतो. भरायचा रंग आधीच 'सेटफिलस्टाइल'ला सांगून ठेवायचा. इथे कड पांढरी, आणि आपण बजावलेलं असतं की लाल दिसला की थांब. लाल कुठेच नाही, मग थांबायचं कशाला?

वर्तुळ काढून झालं की संगणकाच्या लेखी ते उरतच नाही. उरतात 640 गुणिले 480, म्हणजे 3,07,200 ठिपके आणि प्रत्येकाचा रंग. म्हणून 'आत' कुठवर हे त्याला चाचपडत शोधावं लागतं. हा ठिपका कडेचा आहे का? आधीच भरलाय का? दोन्ही नसेल तर रंगव आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हेच विचारत जा. कडेत एक जरी ठिपका सुटला तरी, बांधाला उंदराचं बीळ पडावं तसा, रंग बाहेर फुटतो. कोपऱ्यावरच्या शेजाऱ्यांनाही विचारायचं ठरवलं तर आणखी पंचाईत. तिरप्या रेघेतले ठिपके एकमेकांना नुसत्या टोकाने चिकटलेले असतात; त्या सांध्यातून रंग निसटतो.

चार ओळींत बसणारी ही रीत दिसायला देखणी, पण भलतीच उधळी. फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं तेव्हा अर्धवट राहिलेलं काम स्टॅकवर नोंदवावं लागतं. टर्बो सीत स्टॅक मुळात 4,096 बाइटचा. ठिपक्याची जागा, दोन रंग आणि परतीचा पत्ता धरून दर खेपेला किमान 12 बाइट जातात. म्हणजे साडेतीनशे खेपाही धड होत नाहीत, आणि 20 बाय 20 चा चौकोन कोपऱ्यातून भरायला घेतला तर 400 खेपा एकीवर एक चढू शकतात. त्यापेक्षा आडवी ओळ एका दमात भरावी आणि वरच्या-खालच्या ओळीत मोकळी जागा कुठे सुरू होते तेवढंच टिपून ठेवावं.

आकाराचे कोपरे हाताशी असतील तर ते घेऊन आकार भरणारं 'फिलपॉली' बरं. माझ्या मते शिकवायलाही तेच आधी घ्यावं. अशा वेळी आत-बाहेर ठरवायची एक सोपी रीत आहे: ठिपक्यापासून आडवं बाहेर जाताना किती कडा ओलांडाव्या लागतात ते मोजायचं. विषम आल्या तर तो आत, सम आल्या तर बाहेर. या नियमाने एका रेघेत काढलेल्या पाचकोनी चांदणीचं पोट मात्र रिकामं राहतं.

खरी अडचण मऊ कडांची. कड गुळगुळीत दिसावी म्हणून काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये करडे ठिपके पेरलेले असतात. कड न बघता सुरुवातीच्या ठिपक्याच्या रंगाचेच ठिपके भरत गेलं, तर रंग त्यांना अडून थांबतो आणि भोवती फिकट किनार उरते. पुढे पिक्सारच्या संस्थापकांत गणल्या गेलेल्या अल्वी रे स्मिथ यांनी 1979 मध्ये 'टिंट फिल' या निबंधात यावर तोड मांडली. करड्या ठिपक्याची उजळता तशीच ठेवायची, त्याला नुसती नव्या रंगाची छटा द्यायची.