आमिष : गळावरचा घास आणि गळाला लागलेला मासा

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी घाटाखाली उतरून पोलादपूर आणि महाड ही दोन गावे ओलांडते व पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. पाऊस ओसरला, पाणी निवळू लागले की नदीकाठी गळ टाकून बसलेली माणसे दिसतात. गळाच्या टोकाला गांडूळ, कोळंबीचा तुकडा किंवा कणकेची गोळी लावलेली असते. माशाला घास दिसतो, आतला काटा दिसत नाही. 'आमिष' या शब्दाचा सारा अर्थ या एका दृश्यात सामावलेला आहे.

'आमिष' हा संस्कृतातून जसाच्या तसा मराठीत आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ मांस. म्हणूनच 'सामिष' भोजन म्हणजे मांसाहारी व 'निरामिष' म्हणजे शाकाहारी. बंगालीत हा मूळ अर्थ आजही रोजच्या वापरात असून तेथे 'आमिष' म्हटले की ताटातले मासे-मटणच डोळ्यांसमोर येते. सावज पकडण्यासाठी मांसाचा तुकडा लावत, त्यावरून गळाला किंवा सापळ्याला लावायचे खाद्य हा दुसरा अर्थ आला. पुढे भोगाची वस्तू आणि लाच हे अर्थही संस्कृत कोशांत नोंदले गेले. मराठीने मात्र यातला मांसाचा अर्थ जवळजवळ सोडून दिला आणि फसवणुकीचा तेवढा ठेवला.

या शब्दाचे सोयरे बरेच आहेत, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'प्रलोभन' हा शब्द 'लुभ्' या धातूपासून आला असून त्यात लोभ जागा करण्यावर भर आहे. समोरचा फसवतोच आहे असे त्यात गृहीत नाही. 'लालूच' हा बोलीतला, काहीसा हिणकस शब्द. 'भुरळ' रूपाची, गाण्याची, निसर्गाचीही पडते. तिच्यामागे कोणाचा डाव असावाच लागतो असे नाही. 'फूस' लावली जाते ती कानात, गुपचूप. आमिष मात्र नेहमी 'दाखवले' जाते. ते दाखवणारा असतो, भुलणारा असतो आणि या दोघांच्या मध्ये एक लपवलेला काटा असतो. तिघांपैकी एक जरी नसला तरी शब्द चुकतो.

महाड-पोलादपूरच्या परिसराला या शब्दाचा इतिहासही ठाऊक आहे. १६५९ साली अफझलखान स्वराज्यावर चालून आला, तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्माने धाडण्यात आली. येऊन मिळाल्यास वतन सुरक्षित, न आल्यास पारिपत्य, असा त्यांचा रोख होता. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कान्होजी जेधे मात्र मुलांसह शिवाजी महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला, आज पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना दिसणाऱ्या प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाचा वध झाला.

तीस वर्षांनी, १६८९ मध्ये, महाड तालुक्यातला रायगड मोगलांच्या हाती पडला. वाईच्या देशमुखीच्या आमिषाने सूर्याजी पिसाळ फितूर झाला, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. तिच्या तपशिलांवर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण 'सूर्याजी पिसाळ' हे नाव मराठीत फितुरीचा प्रतिशब्द होऊन बसले. त्या काळी वतन हेच सर्वांत मोठे आमिष होते, एवढे या दोन्ही घटनांवरून स्पष्ट होते.

आता वतनाच्या जागी नोकरी आली, दामदुप्पट आली, लग्नाचे वचन आले. वृत्तपत्रांत 'नोकरीचे आमिष दाखवून गंडा', 'जादा परताव्याच्या आमिषाला बळी', 'लग्नाचे आमिष दाखवून अत्याचार' असे मथळे वारंवार दिसतात. शब्द एकच, पण कायद्याच्या नजरेत भुलणाऱ्याची जागा प्रत्येक वेळी निराळी असते. ठेवी बुडवणाऱ्या वित्तसंस्थांविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला कायदा ठेवीदाराला संरक्षण देतो. उलट, साखळीने सभासद जोडणाऱ्या पैशांच्या योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा केंद्रीय कायदा अशा योजनेत सहभागी होण्यासही मनाई करतो. निवडणुकीत मतासाठी पैसे देणे हा जसा गुन्हा, तसाच ते घेणे हाही. म्हणजे कोठे मासा निर्दोष असतो, तर कोठे त्यालाही जाब द्यावा लागतो.

सर्वांत जपून वापरायला हवा तो 'लग्नाचे आमिष' हा प्रयोग. वचन देतानाच ते पाळायचे नाही असा हेतू असणे आणि मनापासून दिलेले वचन पुढे पाळता न येणे, या दोहोंत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात स्पष्ट फरक केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्येही, लग्नाचे वचन देताना ते पाळण्याचा इरादा नव्हता का, हाच प्रश्न मध्यवर्ती आहे. 'आमिष' म्हटले की काटा आधीपासून लपवलेला होता, असा निर्णय मथळ्यातच दिला जातो. तक्रारीच्या टप्प्यावर 'वचन दिल्याचा आरोप' एवढेच म्हणणे अधिक नेमके ठरते.

'बळी पडणे' या क्रियापदाचाही विचार करायला हवा. 'ती आमिषाला बळी पडली' या वाक्यात गळ टाकणारा कोठेच दिसत नाही. दिसतो तो फक्त भुललेला मासा. वाचणाऱ्याच्या मनात सहज येते, 'इतके कसे कळले नाही?' पण पाहुण्यांच्या ओळखीने आलेला मध्यस्थ परदेशातल्या नोकरीसाठी आगाऊ रक्कम मागतो आणि घरातले दागिने गहाण पडतात, तेव्हा त्या घरात हाव असतेच असे नाही. गरज असते, विश्वास असतो. 'त्याने आमिष दाखवून फसवले' असे लिहिले की कर्ता वाक्यात परत येतो आणि दोष जागच्या जागी राहतो. फसलेल्याला चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटली, तर तो पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. मग तोच गळ पुढच्या गावात टाकला जातो.

शब्द जपून वापरायचा तो यासाठी. घास दिसला की काटा शोधावा, हे आमिषाचे शहाणपण खरेच. पण काटा कोणी लावला, हे विचारायलाही भाषेने विसरू नये.