पगाराची थकबाकी देता येते, ज्येष्ठतेची नाही

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या ऑगस्ट 2007 मध्ये कागदोपत्री एक झाल्या. त्यांचे वैमानिक मात्र एक झाले नाहीत. वेतन करार वेगळे राहिले, संघटना वेगळ्या राहिल्या आणि ज्येष्ठतेच्या याद्याही वेगळ्याच राहिल्या. एप्रिल 2011 च्या अखेरीस पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी 10 दिवसांचा संप केला. वर्षभराने, मे 2012 मध्ये, मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांनी काम थांबवलं, आणि तो संप 58 दिवस चालला. मुंबई-दिल्लीहून परदेशी जाणाऱ्या प्रवाशांचे अतोनात हाल झाले. लाखोंचा पगार घेणारे लोक संपावर जातातच कसे, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. पण या दुसऱ्या संपाच्या मुळाशी पगार नव्हता. लवकरच ताफ्यात येणाऱ्या बोइंग 787 ड्रीमलायनरचं प्रशिक्षण आधी कोणाला द्यायचं, हा वाद होता. मोठ्या विमानांवर आजवर आपणच काम केलं, तेव्हा या विमानावर पहिला हक्क आपला, असं एका गटाचं म्हणणं. कंपनी एकच असेल तर संधीही समान हवी, असं दुसऱ्याचं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं. त्यांचा निवाडा करणारा नियम मात्र विलीनीकरणाला पाच वर्षं होत आली तरी ठरलेला नव्हता.

हा वाद एवढा विकोपाला का जातो, ते वैमानिकाच्या कमाईची घडण पाहिल्यावर कळतं. त्याचा पगार मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: तो कॅप्टन आहे की सहवैमानिक, कोणत्या प्रकारचं विमान चालवतो आणि महिन्याला किती तास उडतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी ज्येष्ठता यादीतल्या क्रमांकावर अवलंबून असतात. कॅप्टनची जागा रिकामी झाली की यादीत वर असलेल्याचा नंबर आधी लागतो, मोठ्या विमानाचं प्रशिक्षणही त्याच क्रमाने मिळतं. अनेक कंपन्यांत कोणत्या शहरातून काम करायचं, सुट्टी कधी घ्यायची हेदेखील हाच क्रमांक ठरवतो, आणि मंदीत कपात झाली तर घरी कोणाला बसवायचं हेसुद्धा. अमेरिकेत तर कंपनी बदलली की वैमानिक नव्या कंपनीच्या यादीत तळापासून सुरुवात करतो, मग आधीचा अनुभव कितीही असो. त्यामुळे दोन याद्या एकत्र करताना कोणी हजार जागा खाली गेला, तर ते नुकसान एका महिन्याच्या पगाराचं नसतं, निवृत्तीपर्यंतच्या सगळ्या वर्षांचं असतं. पगारातली तफावत पुढे करार करून, थकबाकी देऊन भरून काढता येते. आठ वर्षं उशिरा मिळालेलं कॅप्टनपद मागल्या तारखेने देता येत नाही.

वैमानिक पगारापेक्षा यादीला जास्त जपतात याचा सर्वांत ठळक पुरावा अमेरिकेत सापडतो. 2005 मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एकत्र आल्या. यूएस एअरवेजचे वैमानिक वयाने आणि नोकरीने जुने होते, पण ती कंपनी दिवाळखोरीत होती आणि तिच्या शेकडो वैमानिकांना कपातीमुळे घरी बसावं लागलं होतं. अमेरिका वेस्टचे लोक तरुण होते, पण कामावर होते. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी 2007 मध्ये निवाडा दिला. मोठ्या विमानांवरच्या यूएस एअरवेजच्या, म्हणजे पूर्वेकडच्या, 517 वैमानिकांना त्यांनी सर्वांत वर ठेवलं आणि कपातीत गेलेल्यांना सर्वांत खाली. परिणामी सोळा-सतरा वर्षं नोकरी झालेला माणूस विलीनीकरणाच्या काही महिने आधी लागलेल्याच्या खाली गेला. पूर्वेकडच्या वैमानिकांनी हे मान्य केलं नाही. ते बहुसंख्य होते. त्यांनी 2008 मध्ये जुनी संघटनाच मतदानाने हटवली आणि नवी उभारली. त्यानंतर वर्षानुवर्षं दोन्ही गट वेगवेगळ्या विमानांवर, वेगवेगळ्या करारांखाली उडत राहिले. पूर्वेकडच्या लोकांना या काळात दिवाळखोरीच्या वेळचा कापलेला पगार घ्यावा लागला. सामायिक करार केला असता तर पगार वाढला असता, पण सोबत ती यादीही आली असती. म्हणून त्यांनी वाढीवर पाणी सोडलं.

याच्या उलट उदाहरण डेल्टा आणि नॉर्थवेस्टचं. 2008 च्या त्या विलीनीकरणात वैमानिकांचा सामायिक वेतन करार व्यवहार पूर्ण होण्याआधीच झाला होता, आणि यादीचा लवादी निवाडा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आला. त्यात काही विमानांभोवती ठरावीक वर्षांचं कुंपण घातलं होतं. डेल्टाच्या मूळ वैमानिकांसाठी 777, तर नॉर्थवेस्टच्या लोकांसाठी 747 आणि नॉर्थवेस्टने मागणी नोंदवलेलं 787 राखून ठेवलं. म्हणजे ज्या विमानावरून आपल्याकडे 58 दिवस संप झाला, त्याच विमानाचा प्रश्न तिथे यादी करतानाच, कागदावर सुटला. तिथले सगळे वैमानिक खूश झाले असं नाही, पण उड्डाणं थांबली नाहीत.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: ज्येष्ठता कशाला, गुणवत्ता पाहा. आक्षेप वाजवी आहे, पण विमान वाहतुकीत गुणवत्तेची परीक्षा यादीच्या आधीच होते. ठरावीक मुदतीने सिम्युलेटरवर आणि प्रत्यक्ष उड्डाणात प्रत्येकाची तपासणी होते, त्यात नापास झालेला उडू शकत नाही. यादी फक्त उत्तीर्णांचा क्रम लावते. आणि तो क्रम व्यवस्थापनाच्या मर्जीवर नाही, हे प्रवाशाच्याच हिताचं आहे. हवामान खराब आहे, मी उड्डाण करणार नाही, असं म्हणणाऱ्या कॅप्टनला पुढची बढती अडेल अशी भीती असता कामा नये. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. निकोलाऊ हेही तटस्थ लवादच होते, तरी निवाडा का टिकला नाही? माझ्या मते दोष लवादाचा नव्हता, वेळेचा आणि पळवाटेचा होता. निवाडा विलीनीकरणानंतर दोन वर्षांनी आला, आणि त्याची अंमलबजावणी नव्या सामायिक कराराला बांधलेली असल्यामुळे मोठ्या गटाला तो करार अडवून निवाडाही अडवता आला.

अमेरिकेने अशाच एका आधीच्या प्रकरणातून कायदा केला. 2001 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए घेतली तेव्हा तिच्या निम्म्याहून अधिक वैमानिकांना यादीच्या शेवटी टाकलं गेलं, आणि 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर कपातीची कुऱ्हाड त्यांच्यावरच पडली. मिसुरीचे सिनेटर क्लेअर मॅकस्किल आणि किट बाँड यांच्या पुढाकाराने 2007 अखेर झालेल्या कायद्यानुसार याद्या न्याय्य पद्धतीने एकत्र कराव्या लागतात, आणि सहमती झाली नाही तर लवादाकडे जावं लागतं.

आपल्याकडे मात्र 2011 च्या संपानंतर निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल जानेवारी 2012 मध्ये आला, आणि तरीही चार महिन्यांनी दुसरा संप झाला. टाटा समूहाने 2022 मध्ये एअर इंडिया घेतल्यानंतर ‘विस्तारा’ या विमान कंपनीचं तिच्यात विलीनीकरण 12 नोव्हेंबर 2024 रोजी पूर्ण झालं. त्याआधी, त्याच वर्षीच्या वसंतात, नव्या करारात हमीचे उड्डाण तास 70 वरून 40 वर आल्यामुळे विस्ताराचे वैमानिक नाराज झाले आणि अनेक उड्डाणं रद्द झाली. शिवाय निवृत्तीचं वय तेव्हा एका कंपनीत 58, दुसरीत 60 होतं. असा फरक पगाराइतकाच यादीला भिडतो, कारण वरचा माणूस कधी जाणार यावर खालच्याचं कॅप्टनपद ठरतं.

अशा विलीनीकरणाच्या योजनेत कर्मचाऱ्यांविषयी साधारणपणे एक कलम असतं: सेवा अखंड राहील आणि सेवाशर्ती आधीपेक्षा वाईट होणार नाहीत. या कलमाने वैमानिकाचा पगार वाचतो, पण नव्या यादीत तो कुठे बसणार याविषयी ते गप्प असतं. स्पर्धा आयोग प्रवाशांचं हित पाहतो, कंपनी कायदा न्यायाधिकरण भागधारकांचं आणि देणेकऱ्यांचं. म्हणून याद्या एकत्र करण्याची पद्धत, लवादाचं नाव आणि निवाड्याची मुदत योजनेतच लिहिलेली असल्याशिवाय दोन विमान कंपन्यांच्या विलीनीकरणाला मंजुरी देऊ नये. आणि तो निवाडा पुढच्या कोणत्याही वेतन करारावर अवलंबून नसावा.