'छान आहे'च्या पलीकडे

पुस्तक कसे वाटले, या प्रश्नाला मराठी वाचक बहुधा दोनच शब्दांत उत्तर देतो. त्या दोन शब्दांत पुस्तक नसते आणि वाचकही नसतो. वेगवेगळ्या प्रकारच्या पुस्तकांविषयी मोकळेपणाने मत द्यायचे तर ते कोणत्या मापाने द्यावे?

वाचनालयाच्या खिडकीपाशी, कचेरीत किंवा लोकलच्या डब्यात हाती पुस्तक दिसले की शेजारचा हमखास विचारतो, 'कसे आहे?' उत्तरे ठरलेली असतात. 'छान आहे', 'वाचनीय आहे', 'एकदा वाचायला हरकत नाही'. विचारणारा या उत्तरावर विसंबून चार-पाचशे रुपये खर्च करतो, पन्नासाव्या पानावर अडतो आणि पुस्तक कपाटात ठेवून देतो. सांगणाऱ्याला तो दोष देत नाही. 'आपल्यालाच वाचनाची गोडी उरली नाही' असे समजून पुढच्या खेपेला तो पुस्तकांच्या दुकानात जाण्याचे टाळतो. सभ्यतेपोटी दिलेल्या खोट्या अभिप्रायाची किंमत अशी चुकवावी लागते आणि ती शेवटी मराठी पुस्तकालाच भोवते.

मोकळे मत देण्याचा संकोच कशामुळे वाटतो? मराठी साहित्याचे जग लहान आहे. लेखक, प्रकाशक, परीक्षक आणि वाचक एकमेकांच्या ओळखीचे असतात, निदान ओळखीच्या ओळखीचे तरी असतातच. दुसरे कारण पुरस्कारांचा आणि मोठ्या नावांचा दरारा. गाजलेले पुस्तक आवडले नाही असे म्हटले तर आपलीच समज उघडी पडेल, ही भीती अनेक सुशिक्षित वाचकांच्या मनात असते. तिसरे कारण अधिक खोलवरचे आहे. मत देण्यासाठी समीक्षेची परिभाषा यावी लागते, असा समज शाळा-कॉलेजातल्या रसग्रहणाच्या प्रश्नांनी पक्का केला आहे. वास्तविक वाचकाचे मत आणि समीक्षा ही दोन स्वतंत्र कामे आहेत. समीक्षक पुस्तकाला परंपरेत जागा देतो. पुस्तकाने आपल्याला कोठे धरले आणि कोठे सोडले, एवढेच वाचकाने सांगायचे असते.

मात्र एवढे सांगण्यासाठीही एक पथ्य पाळावे लागते. प्रत्येक साहित्यप्रकार वाचकाला वेगळे वचन देतो. आत्मचरित्राकडून खरेपणाची अपेक्षा असते, विज्ञानकथेकडून कल्पनेची आणि वैचारिक लेखनाकडून पुराव्याची. एकाच मापाने सर्व पुस्तके मोजली की अन्याय ठरलेला. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या नोकरदार वाचकाने गेल्या काही महिन्यांत वाचनालयातून सात पुस्तके आणून वाचली, असे धरून चालू. पुस्तके नवी नाहीत. त्यांची नावे इतकी प्रस्थापित आहेत, की त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलणेच सर्वांत अवघड. म्हणूनच ती या परीक्षेला योग्य.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 साली पुस्तकरूपाने आली. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो, हळूहळू वाडीचा होतो, आणि दुष्काळ पडल्यावर वाडीच उठून जाते. गोष्ट म्हणावी तर इतकीच. गोळीबंद कथानकाची सवय असलेल्या वाचकाने पहिल्या चाळीस पानांत 'काही घडतच नाही' अशी तक्रार केली तर ती खोटी नाही. परंतु बैलाची जोड नाही म्हणून औताला स्वतःचा खांदा देणारी बाई ज्या कोरड्या शब्दांत माडगूळकर उभी करतात, तेथे तक्रार मागे पडते. लेखक आवाज चढवत नाही, कीव मागत नाही. उणीव सांगायची तर वाडीतल्या स्त्रिया अशा एखाद-दुसऱ्या प्रसंगापुरत्याच जवळ येतात. मास्तरच्या नजरेला जेवढे दिसते तेवढेच पुस्तकात आहे. ती मर्यादा मास्तरच्या वयाची आणि काळाची आहे, पण ती आहे.

यानंतर शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' एकापाठोपाठ एक वाचणे हा चांगला प्रयोग ठरतो. महाभारतावरची ही दोन्ही पुस्तके 1967 सालची. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडून कथा सांगतात. सोळाव्या-सतराव्या वर्षी ही कादंबरी रात्र रात्र जागवते आणि मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना जाड पुस्तक हाती धरण्याची सवय तिने लावली. हे ऋण मान्य करूनही चाळिशीत ती पुन्हा उघडणाऱ्याला एक गोष्ट खटकते. सहा माणसे बोलतात, पण भाषा एकच आहे. उपमांनी लगडलेली तीच वाक्ये कुंतीच्या आणि दुर्योधनाच्याही तोंडी येतात. शिवाय द्यूतसभेतल्या कर्णाच्या वर्तनामागे अपमानाची आणि पश्चात्तापाची एवढी मोठी पार्श्वभूमी उभी राहते, की द्रौपदीच्या अपमानापेक्षा कर्णाचे दुःखच वाचकाला मोठे वाटू लागते.

'युगान्त' याच कर्णाकडे निर्मम डोळ्यांनी पाहते. कर्वे मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन त्या प्रत्येक पात्राला प्रश्न विचारतात. द्यूतसभेत कर्ण काय बोलला, ऐन प्रसंगी त्याचे शौर्य कोठे गेले, याचा हिशेब त्या मांडतात. 1968 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले हे पुस्तक आजही ताजे वाटते ते या निर्भयपणामुळे. तरीही मोकळे मत द्यायचे तर तेथेही एक शंका नोंदवावी लागेल. गांधारीवरचा लेख बराचसा कल्पित संवादांवर उभा आहे आणि युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा, हा तर्क पुराव्यापेक्षा सूचकतेवर टेकलेला आहे. कादंबरीकाराला जे स्वातंत्र्य सहज मिळते, ते संशोधकाने घेतले की वाचकाने अधिक सावध राहायला हवे.

आत्मपर लेखनाचे माप आणखी निराळे. विष्णुभट गोडसे वरसईकर हे कोकणातले भिक्षुक ब्राह्मण. दक्षिणेच्या आशेने ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि 1857 च्या उठावात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. 'माझा प्रवास' त्यांनी सुमारे पाव शतकानंतर लिहिले. त्यामुळे सैन्याच्या हालचाली आणि दरबारी खलबते यांविषयीची त्यांची माहिती पुष्कळदा ऐकीव आहे आणि इतिहास म्हणून ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. परंतु झाशी पडल्यावर कोणत्या दिवशी कोणत्या वस्तूंची लूट झाली, खायला काय मिळाले, गाठीचे पैसे कसे गेले, हे सांगताना त्यांची लेखणी चुकत नाही. मिळवायला गेलेला माणूस धन गमावून परततो, हा या प्रवासाचा खरा गाभा आहे. कोणती आवृत्ती वाचली हेही येथे सांगितले पाहिजे. 1907 साली चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी मजकुरावर हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली आणली. एका आवृत्तीवरचे मत दुसरीला लागू पडेलच असे नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'बद्दल वाईट बोलणारा वाचक सापडणे कठीण. 1934 ते 1936 या काळात चार भागांत आलेल्या या आत्मचरित्रात वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून पतीच्या धर्मांतरापर्यंतचे सारे येते. 1895 साली रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले, पण लिहिताना त्यांनी कोणावर दात धरलेला नाही. स्वतःच्या फजितीवर इतके मोकळे हसणे मराठीत दुर्मिळ आहे. तरी चारही भाग सलग वाचणाऱ्याला जाणवते, की टिळकांच्या मृत्यूनंतर पुस्तकाची वीण सैल होते. दोन माणसांच्या भांडणावर आणि प्रेमावर उभे असलेले पुस्तक एक माणूस गेल्यावर विस्कटते. हा दोष सांगितला म्हणून पुस्तक लहान होत नाही. उलट, त्याचे बळ कशात होते ते त्यामुळेच कळते.

विज्ञानकथेच्या बाबतीत जयंत नारळीकरांनीच मोकळ्या मताचा धडा घालून दिला आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाच्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. कथेला पहिले पारितोषिक मिळाले ते तिच्या गुणांवर. 1979 साली 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह आला. या कथांमधल्या कल्पना आजही चकित करतात आणि मराठी वातावरणात सहज रुजतात. दुबळी बाजू माणसांची आहे. बहुतेक पात्रे विज्ञान समजावून सांगण्यासाठी बोलावलेली वाटतात आणि संवादाचे अधूनमधून व्याख्यान होते. मे 2025 मध्ये नारळीकर गेल्यानंतर अनेकांनी या कथा पुन्हा हाती घेतल्या. आदरांजलीच्या दिवसांत उणिवा सांगणे अप्रशस्त मानले जाते. पण नाव झाकून निर्णय मागणाऱ्या लेखकाला नावाकडे पाहून केलेली स्तुती कितपत रुचली असती?

कवितेपाशी आल्यावर बहुतेक वाचक मतच देत नाहीत. 'आपल्याला कविता कळत नाही' म्हटले की सुटका होते. अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' 2003 साली आली, कवी 2004 साली गेले आणि 2005 साली साहित्य अकादमीने पुस्तकाचा गौरव केला. जगभरच्या इतिहासातल्या आणि पुराणांतल्या स्त्रियांचे अश्रू हा या जाडजूड संग्रहाचा विषय. अलेक्झांड्रियाची हिपेशिया येथे आहे, तशीच व्हिएतनाम युद्धातल्या छायाचित्रात दिसणारी किमही. भाषा बोलण्यातली, साधी, पण संदर्भ दूरदूरचे. कित्येक कवितांत बाई कोण, हे ठाऊक नसेल तर वाचक दाराशीच थांबतो. म्हणून 'पुस्तक अवघड आहे' हे मत प्रामाणिक ठरते, मात्र अडचण शब्दांत नसून माहितीत आहे, हेही त्यासोबत सांगायला हवे. रोज एकच कविता आणि त्या स्त्रीची थोडी माहिती, अशा बेताने वाचणाऱ्याला हे पुस्तक उघडत जाते. एका बैठकीत संपवू पाहणाऱ्याला ते परतवून लावते.

मोकळेपणाचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजू विसरता येत नाही. मराठीत रोखठोक मताची परंपरा जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली 'निबंधमाला' सुरू केली आणि लोकहितवादी व जोतीराव फुले यांच्या लेखनावर धारदार टीका केली. शैलीच्या दृष्टीने ती टीका आजही वाचण्याजोगी आहे. पण फुल्यांच्या भाषेची थट्टा करताना तिच्यातला आशय चिपळूणकरांनी ओळखला नाही आणि पुढच्या काळाने निकाल फुल्यांच्या बाजूने दिला. तेव्हा, मत परखड असले म्हणजे बरोबर असतेच असे नाही. परखडपणाला न्याय्य ठरवते ती एकच गोष्ट: आपण कोणते माप लावतो आहोत, हे उघड करणे. 'कंटाळवाणे आहे' हा निकाल झाला. 'गोष्टीच्या वेगाची अपेक्षा होती, ती पुरी झाली नाही' हे मत झाले. निकालापुढे ऐकणाऱ्याला मान डोलावण्यावाचून काही उरत नाही. मत ऐकल्यावर मात्र तो ठरवू शकतो, की आपल्याला वेग नकोच आहे, तेव्हा पुस्तक आपल्यासाठी आहे.

मत बदलण्याचा हक्कही वाचकाने राखून ठेवावा. विशीत डोक्यावर घेतलेले पुस्तक पन्नाशीत हातातून सुटले, तर त्यात पुस्तकाशी बेइमानी नाही. तेव्हाचे मतही खरे होते आणि आताचेही. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाविषयी वहीत चार ओळी लिहिण्याची सवय लावून घेतली, तर दहा वर्षांनी त्या ओळी पुस्तकांबरोबर वाचकाचाही पत्ता सांगतात. ओळी चारच पुरतात: पुस्तकाने काय देऊ केले, काय दिले, कोठे अडलो, आणि हे कोणाला द्यावे.

यातली शेवटची ओळ सर्वांत उपयोगाची. वाचनालयात पुस्तक परत करताना मागे उभा असलेला माणूस 'बनगरवाडी'कडे बोट दाखवून 'कसे आहे?' असे विचारील, तेव्हा 'छान आहे' म्हणून सुटता येईल. किंवा असे सांगता येईल: 'गोष्ट फारशी नाही. पहिली चाळीस पाने धीर धरा, औताला जुंपलेली बाई येईपर्यंत. तीही आवडली नाही, तर खुशाल परत करा.' दुसरे उत्तर द्यायला दहा सेकंद अधिक लागतात, पण विचारणारा पुढच्या खेपेलाही विचारतो.