पपेट : दोरीविना चालणारी बाहुली

पपेट या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती २००५ मध्ये आली. ल्यूक केनीज यांनी ते लिहिले आणि त्याभोवती अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात रिडक्टिव्ह लॅब्ज नावाची छोटी कंपनी उभी केली. केनीज मूळचे रसायनशास्त्राचे पदवीधर, पोर्टलंडच्या रीड कॉलेजचे. पण १९९७ पासून पोटापाण्याचा धंदा सिस्टिम अॅडमिनचा. एखाद्या संस्थेचे सर्व्हर चालू ठेवणे, त्यांवर नवे सॉफ्टवेअर चढवणे, सुरक्षेतल्या फटी बुजवणे आणि यातले काही बिघडले की रात्री-अपरात्री उठून ते सरळ करणे, असे या कामाचे स्वरूप असते.

चार-पाच सर्व्हर असतील तर हे हाताने जमते. पन्नास झाले की अॅडमिन स्क्रिप्ट लिहू लागतात. स्क्रिप्ट म्हणजे ओळीने दिलेल्या आज्ञा: ही फाइल उघड, शेवटी ही ओळ घाल, ती सेवा बंद करून पुन्हा चालू कर. अडचण अशी की यंत्राची आधीची अवस्था स्क्रिप्टला ठाऊक नसते. तीच स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली तर तीच ओळ दोनदा लिहिली जाते. शिवाय मध्येच कोणी घाईगर्दीत एखाद्या सर्व्हरवर हाताने दुरुस्ती करते आणि विसरून जाते. वर्षभरात एकाच साच्यातून काढलेले पन्नास सर्व्हर पन्नास तऱ्हांचे होऊन बसतात.

यावरचा मूळ उतारा केनीज यांचा नव्हे. ऑस्लो विद्यापीठात संशोधन करणारे भौतिकशास्त्रज्ञ मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्येच सीएफइंजिन हे सॉफ्टवेअर लिहिले होते. त्यातली कल्पना घरगुती उदाहरणाने चटकन कळते. ‘पिंपात चार कळशा पाणी ओत’ असे सांगितले आणि पिंप आधीच निम्मे भरलेले असले तर पाणी जमिनीवर येते. ‘पिंप भरलेले असू दे’ असे सांगितले तर ऐकणारा आधी पिंपात डोकावतो, लागेल तेवढेच ओततो, आणि भरलेले असले तर काहीच करत नाही. कृती न सांगता स्थिती सांगायची, एवढाच हा बदल. पण त्यामुळे एकच सूचना शंभरदा दिली तरी बिघाड होत नाही.

केनीज सीएफइंजिन वापरत होते, त्यात भरही घालत होते. ब्लेडलॉजिक या व्यापारी सॉफ्टवेअर कंपनीतही त्यांनी थोडा काळ काढला. (हीच ब्लेडलॉजिक पुढे २००८ मध्ये बीएमसी सॉफ्टवेअर या कंपनीने विकत घेतली. तिचे मोठे केंद्र पुण्यात असल्याने इथल्या अनेक अभियंत्यांना हे नाव परिचयाचे आहे.) दोन्हीकडे मन न रमल्यावर त्यांनी स्वतःचे साधन लिहायला घेतले. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत मनासारखी मांडणी साधेना, पायथॉन हाताला बसेना. एका मित्राने रुबी ही त्या वेळी फारशी चलनात नसलेली भाषा सुचवली आणि काही तासांतच चालता नमुना तयार झाला.

पपेटमध्ये प्रत्येक सर्व्हरवर एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम बसतो. तो आपल्या यंत्राची माहिती, म्हणजे कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, किती मेमरी, कोणता पत्ता, ही गोळा करून मुख्य सर्व्हरला कळवतो. मुख्य सर्व्हर त्यावरून त्या यंत्रापुरती यादी बनवून परत धाडतो: अमुक पॅकेज असावे, अमुक फाइलमध्ये हा मजकूर असावा, अमुक सेवा चालू असावी. एजंट पडताळतो आणि फरक असेल तेवढाच दुरुस्त करतो. वेगळे काही सांगितले नसेल तर हे दर तीस मिनिटांनी घडते. पपेट म्हणजे कळसूत्री बाहुली, पण हे नाव थोडे फसवे आहे. इथे वरून कोणी दोरी ओढत नाही. बाहुलीच दर अर्ध्या तासाने येऊन ‘मी कशी दिसायला हवी?’ असे विचारून जाते.

सॉफ्टवेअर ओपन सोर्स होते. कोणीही फुकट घ्यावे, वापरावे, बदलावे. कंपनीची मिळकत सुरुवातीला सल्ला आणि प्रशिक्षण यांवरच होती. गुगलसारखी बडी कंपनी आपले मॅक संगणक सांभाळायला पपेट वापरू लागली, तशी गुंतवणूकदारांची नजर वळली. २००९ मध्ये ट्रू व्हेंचर्स या गुंतवणूक संस्थेचे पैसे आले. कंपनी पोर्टलंडला गेली, पपेट लॅब्ज झाली, आणि २०११ मध्ये मोठ्या ग्राहकांसाठी पपेट एंटरप्राइज ही विकत घ्यायची आवृत्ती निघाली. २०१३ मध्ये व्हीएमवेअर या सॉफ्टवेअर कंपनीने एकट्याने ३ कोटी डॉलर घातले. याच व्हीएमवेअरने २०२० मध्ये पपेटची प्रतिस्पर्धी सॉल्टस्टॅक विकत घेतली.

स्पर्धक बहुतेक पपेटच्याच अंगणात वाढले. अॅडम जेकब पपेट वापरून लोकांचे सर्व्हर लावून देत असत. त्यांनी २००८ मध्ये सहकाऱ्यांसह ऑप्सकोड काढून शेफ बनवले. मतभेदाचा मुद्दा क्रमाचा होता. पपेट कामांचा क्रम परस्परावलंबनावरून स्वतः ठरवी, शेफमध्ये लिहिले त्याच क्रमाने काम होई. तत्त्व म्हणून पपेटचे बरोबर असेलही, पण रात्री दोन वाजता चूक शोधणाऱ्याला लिहिलेला क्रमच जवळचा वाटतो. अखेर २०१५ च्या चौथ्या आवृत्तीत पपेटनेही लिहिलेला क्रम पाळायला घेतला. मायकेल डीहान तर काही काळ पपेट लॅब्जमध्येच होते. त्यांनी २०१२ मध्ये आणलेल्या अॅन्सिबलला एजंटच लागत नव्हता. सर्व्हरवर आधीपासून असलेल्या एसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या सोयीवरून ते काम करी. शिकायला सोपे असल्याने नवे लोक तिकडे वळले.

खरा फटका मात्र दुसरीकडून बसला. २०१३ मध्ये डॉकर हे सॉफ्टवेअर आले आणि कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या सामानासह एकत्र बांधलेले प्रोग्रॅम, रुळले. बिघडलेला सर्व्हर डागडुजी करून सांभाळण्यापेक्षा तो टाकून त्याच नमुन्याचा नवा काही सेकंदांत उभा करणे स्वस्त झाले. पिंपात डोकावण्याऐवजी भरलेले नवे पिंपच आणून ठेवावे, तसे. बँका आणि सरकारी खाती यांचे वर्षानुवर्षे चालणारे सर्व्हर पपेटकडे टिकले, पण नव्या कामांचा ओघ आटला.

२०१६ मध्ये कंपनीच्या नावातले लॅब्ज गळले आणि केनीज प्रमुखपदावरून उतरले. २०२२ मध्ये मिनियापोलिसच्या परफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने पपेट विकत घेतली. २०२४ च्या अखेरीस परफोर्सने जाहीर केले की पपेटची तयार पॅकेजे यापुढे पूर्वीसारखी सर्वांसाठी खुली राहणार नाहीत. त्यावर पपेटची मॉड्यूल्स, म्हणजे पपेटसाठी लिहिलेले तयार सूचनासंच, वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या व्हॉक्स पुपुली या स्वयंसेवकांच्या गटाने मूळ कोडवरून वेगळी शाखा काढली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती ओपनव्हॉक्स नावाने प्रसिद्ध केली.