रुग्णाची झोळी आणि तिची तपासणी

आदिलाबाद जिल्ह्यात उटनूरच्या डोंगरभागातील ज्या गोंड वस्त्यांस अद्याप धड रस्ता नाही, तेथून आजाऱ्यास खाटेवर किंवा डोलीत घालून सडकेपर्यंत आणावे लागते. बांबू खांद्यावर घेण्यापूर्वी तो चिरलेला तर नाही ना, गाठ पक्की आहे ना, हे वाहणारे स्वतः पाहतात. त्यांस हा नियम कोणी शिकविलेला नसतो. ओझे आपल्याच माणसाचे असते.

अंथरुणास खिळलेल्या रुग्णास उचलण्याचे जे यंत्र इस्पितळांत, क्वचित घरीही, वापरतात, त्याचे तत्त्व डोलीहून फारसे निराळे नाही. चाकांच्या चौकटीवर खांब, त्यावर पुढे झुकलेला दांडा, दांड्याच्या टोकाशी आडवी दांडी आणि तिच्या आकड्यांत अडकविलेली कापडी झोळी. तेलाच्या दाबाच्या पंपाने किंवा विजेच्या मोटारीने दांडा वर जातो. परिचारिकेची पाठ वाचते, रुग्णाची ओढाताण टळते. परंतु लोखंड पाहून माणूस निर्धास्त होतो आणि डोली वाहणाऱ्याची ती नजर हरवते.

वास्तविक लोखंडाच्या आधी झिजते ती झोळी. पट्ट्यांचे टाके उसवतात, काठ विरतात, ब्लीचने धुतल्यास धागा कमजोर होतो. आदिलाबादच्या मे महिन्यातील उन्हात ती नित्य वाळत घालणे हेही नायलॉनास मानवत नाही. म्हणून प्रत्येक वापरापूर्वी पट्टे बोटांनी चाचपून पाहावेत. वजनाची मर्यादा यंत्रावर व झोळीवर वेगवेगळी असल्यास लहान आकडाच खरा मानावा. झोळीवरील चिठ्ठीच वाचता येत नसेल, तर ती झोळी वापरातून काढावी. नुसती बाजूस ठेवू नये, पट्टे कापून टाकावेत. कोपऱ्यात ठेवलेली वस्तू घाईच्या वेळी पुन्हा बाहेर येते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

पंपाभोवती तेलाचा ओघळ, वजन घेऊन उभा असता आपोआप खाली येणारा दांडा, केस व दोरे गुंतून अडलेली चाके ही दुरुस्तीची लक्षणे होत. रुग्णास प्रथम गादीपासून चार बोटेच उचलावे, सर्व पट्टे आकड्यांत नीट बसल्याची खात्री करावी, मगच यंत्र हलवावे.

याखेरीज जाणत्या तंत्रज्ञाकडून ठरावीक मुदतीने तपासणी हवीच. ब्रिटनमध्ये 1998 च्या नियमांनुसार कामाच्या ठिकाणी माणसे उचलणाऱ्या साधनांची सामान्यतः दर सहा महिन्यांनी कसून तपासणी होते. आदिलाबादेस तंत्रज्ञ नागपूरहून किंवा हैदराबादहून बोलवावा लागला, तर दिवस मोडतात. त्या अवधीत नादुरुस्त यंत्रावर ‘वापरू नये’ अशी पाटी लावून ते कुलुपात ठेवावे, आणि रुग्णास चौघांनी जाड चादरीच्या आधाराने हलवावे.