जामिनाला दोन वर्षे आणि नावातली एक वेलांटी

चोरीच्या आरोपात सापडलेल्या माणसाला कोर्टात उभे करतात. गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो, आणि बरा वकील मिळाला तर जामीनही होतो. आसामात ‘परदेशी’ ठरलेल्या माणसाचे मात्र उलटे आहे. आपण भारतीय आहोत हे त्यानेच सिद्ध करायचे! 1946 च्या परदेशी नागरिक कायद्याचे नववे कलम हेच सांगत होते. 2025 मध्ये तो कायदा जाऊन नवा आला, पण हा बोजा हलला नाही.

फॉरेनर्स ट्रिब्युनलचा निकाल विरुद्ध गेला की माणूस कोठडीत. पूर्वी गोलपाडा, तेजपूर, सिलचर अशा सहा तुरुंगांतच या कोठड्या होत्या. 2023 पासून मटियाची मोठी छावणी सुरू झाली. शिक्षा झालेल्या कैद्याला सुटकेची तारीख तरी ठाऊक असते. इथे बांगलादेशाने माणूस आपला मानला नाही तर त्याला पाठवायचे कुठे? मग वर्षांमागून वर्षे.

मे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट काढली. तीन वर्षे कोठडीत काढलेल्याला सोडावे, पण एकेक लाखाचे दोन भारतीय जामीनदार हवेत. बोटांचे व डोळ्यांचे ठसे द्यायचे, दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. विटा वाहणाऱ्या मजुराला लाखाचा जामीनदार कोण मिळणार? जामीन राहणाऱ्यालाही आपली कागदपत्रे पुढे करावी लागतात, आणि त्या मुलखात कागद दाखवायला शेजारीही कचरतो. एप्रिल 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, न्यायालयाने तीन वर्षांची दोन केली आणि लाखाचे पाच हजार. तेव्हा कुठे दरवाजा खऱ्या अर्थाने किलकिला झाला. तरी मे 2025 मध्ये जामिनावर असलेल्या अनेकांना पोलिसांनी पुन्हा उचलले.

मोहम्मद रहीम अली यांचे प्रकरण प्रत्येक कारकुनाने वाचावे. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भारतीय ठरवले. नावाच्या स्पेलिंगमधला वा तारखेतला किरकोळ फरक म्हणजे परकेपणाचा पुरावा नव्हे, आणि नुसत्या संशयावर कुणाला परदेशी म्हणता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. निकाल ऐकायला रहीम अली हयात नव्हते. आमच्या टेबलावर रोज रेशनकार्डावर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे नाव असलेली माणसे येतात. इथे ती खेपा घालून थकतात, तिथे त्याच वेलांटीपायी कोठडी भोगतात.

हे दूरचे, मुसलमानांचे प्रकरण, असे कुणी म्हणेल. 1946 मध्ये परमपूज्य बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले ते बंगालने. त्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल झटले, ते नामशूद्र समाजाचे. फाळणीनंतर त्या समाजाची मुळेच उपटली गेली, असंख्य कुटुंबे सरहद्द ओलांडून बंगाल, त्रिपुरा, आसामात विखुरली. आज त्यांच्यातलेही अनेक जण संशयित मतदार म्हणून ट्रिब्युनलपुढे उभे आहेत. पळताना सातबारा कोण बरोबर घेतो?

बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. त्या संविधानातल्या एकविसाव्या कलमात शब्द ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ आहे. कायद्याच्या रीतीशिवाय कुणाही व्यक्तीचे स्वातंत्र्य हिरावता येत नाही, मग तिच्या खिशात कागद असो वा नसो. मटियाच्या फाटकाआड बसलेल्याचा अर्ज याच एका शब्दावर उभा राहतो.