मंडपातलं ध्वनिशास्त्र

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात गणपती-नवरात्रात हिंडलं, की ध्वनिशास्त्राचा अख्खा अभ्यासक्रम रस्त्यावर मांडलेला दिसतो. परीक्षा तेवढी कोणी घेत नाही.

अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळ किंवा कुठल्याही मोकळ्या मैदानात गाण्याचा कार्यक्रम असला, की मागच्यांसाठी स्पीकरची दुसरी जोडी लावतात. ती पुढच्या जोडीपासून ३४ मीटरवर असेल तर मागे बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्याचा हा प्रताप. मग साउंडवाला मागच्या जोडीला मिक्सरवरून एक दशांश सेकंदाचा उशीर देतो. मंचावरचा पोऱ्या माईकपुढे टाळ्या वाजवत राहतो आणि हा मागे उभा राहून, दोन टाळ्यांची एक होईपर्यंत आकडा हलवत बसतो. सूत्र ठाऊक नसलं तरी कान पक्का.

या कानामागचं शास्त्र महाराष्ट्राला नवं नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींचं गणित पुस्तकात मांडलं. तिकडे १९२० साली सी. व्ही. रामन यांनी ‘नेचर’मध्ये आपल्या तालवाद्यांवर लिहिलं. नुसत्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. शाईच्या वजनाने ते मूळ स्वराच्या पटीत येतात, म्हणून तबला सुरात लागतो. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० साली उघडलं. त्याची ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची, तीही माईकविना ऐकू यावं अशी.

आज शिकायचं तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचा अभ्यासक्रम आहे, पण त्याचं तोंड सिनेमाकडे. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांनी रागसंगीताचं संगणकीय विश्लेषण केलं आहे. ती वाट संशोधनाची. मंडपातला माणूस दोन्हींकडे उपराच, आणि मला हे नुकसान दोन्ही बाजूंचं वाटतं.

नुकसान पैशांचंही आहे. त्याच प्रकारचे दुप्पट बॉक्स रचले तर आवाज साधारण तीन ते सहाच डेसिबलने वाढतो, कानाला दुप्पट वाटायला मात्र दहाएक लागतात. मंडळं भिंतीवर भिंत चढवतात ती या हिशेबाविनाच. २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर २०१६ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले. तरी मिरवणुकीत मीटर हातात दिसतो तो फार तर पोलिसाच्या.

तो विद्यार्थ्याच्या हातात का नसावा? उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजसारख्या ठिकाणी भौतिकशास्त्र शिकवलं जातं. तिथल्या प्राध्यापकांनी पुढच्या गणपतीत एका मंडळाचा मंडप मोजण्याचा प्रकल्प मुलांना द्यावा आणि सोबत त्या साउंडवाल्याला बसवावं, मानधन देऊन.